दूध संस्थेच्या संगणकातला नऊ

आमच्या दूध संस्थेचा जुना प्रोग्राम मीच लिहिलेला. काळा पडदा, हिरवी अक्षरं. लिटर आणि फॅट टाकले की पावती बाहेर. त्या संगणकाचे सुटे भाग बीडमध्येही मिळेनात, तेव्हा सगळा हिशेब मोबाइलवर चालणाऱ्या नव्या प्रणालीत न्यायचं मी अंगावर घेतलं.

माहिती हलवली आणि सवयीप्रमाणे बेरजा ताडून पाहिल्या. दूध लिटरला लिटर जुळलं, सभासद मात्र वाढले होते.

कारण मला लगेच कळलं. नेकनूरच्या आमच्या बाजूची बरीच घरं हंगामात ऊसतोडीला जातात. म्हैस भावकीत राहते, दूध भावकीतलं कोणी आणून घालतं. ते वेगळं ओळखू यावं म्हणून मी नंबराआधी नऊ लावायचो. सत्तेचाळीसचं नऊशे सत्तेचाळीस. जुना प्रोग्राम वर्षअखेरीला नऊ काढून दोन्ही एकत्र करायचा. नव्याला ही रीत ठाऊक नव्हती. त्याने सत्तेचाळीस नंबरच्या एकाच बाईचे दोन सभासद केले, दोघेही अर्ध्या वर्षाचे.

नेमकी त्याच वेळी संचालकांची निवडणूक लागली. वर्षभर दूध घातलं असेल त्यालाच उभं राहता येतं. सत्तेचाळीस नंबरवाली तोडीहून परत आली ती थेट अर्ज भरायला.

चेअरमननी पडदा पाहिला. "बाई, तुमचं अर्धं वर्ष कोरं हाय. नियमात बसत न्हाई."

"माझी म्हैस कोरी व्हती का?" ती म्हणाली. "मी कारखान्यावर गेलते, मेले नव्हते."

रांगेतले हसले. चेअरमन माझ्याकडे वळले. "सेक्रेटरी, मशीन खोटं बोलतंय की ही बाई?"

"दोघं खरं बोलतात," मी म्हणालो. "मशीनला अजून आपलं गाव समजलं नाही. अर्जाची मुदत उद्या संपते. तोवर समजावतो."

मग मी नऊची भानगडच काढून टाकली. सभासदाचा नंबर एकच, आणि दूध कोणी आणून घातलं त्याचा रकाना वेगळा. जुनी प्रत्येक नोंद तशी फिरवली आणि पुन्हा ताळा घेतला. सभासद जुळले, दूध जुळलं. सत्तेचाळीसच्या वर्षात कुठेच खाडा नव्हता.

चेअरमननी स्वतः रकाने तपासले आणि अर्ज घेतला. "आता पाडून दाखवा," ती त्यांना म्हणाली. ती चांगल्या मतांनी निवडून आली, आणि पहिला हार चेअरमननीच घातला.

पुढच्या हंगामात ती पुन्हा तोडीला गेली. मासिक बैठकीला आम्ही मोबाइल टेबलावर उभा केला. पडद्यावर उसाचा फड, डोक्याला फडकं बांधलेली आमची संचालक, मागे मोळ्या भरणं चाललेली गाडी.

"आवाज येतोय का?" चेअरमननी विचारलं.

"लई चांगला येतोय. चहा नंतर प्या, आधी फॅटच्या दराचा विषय घ्या. माझी गाडी भरत आली."

आम्ही कप खाली ठेवले.