यांच्या वाटणीचं गोड

थुंकीवरून पुढचं कळतं, हे मला भाच्यानं शिकवलं. तो पुण्याला एका प्रयोगशाळेत नोकरी करतो. एका रविवारी आमच्या लोणावळ्याच्या घरी दोन नळ्या घेऊन आला. "मावशी, काका, यात थुंका. जनुकांतले हजारो बारीकसारीक फरक बघतात, त्यांची बेरीज करतात आणि कुठल्या आजाराचा धोका किती, त्याचा स्कोअर काढतात."

अहवाल आला. मधुमेहात यांचा स्कोअर चांगलाच वरचा, माझा खालचा. मी वर्गात पहिली आल्यासारखी मिरवले, पण आतून चरकले होते. सासऱ्यांचा पाय साखरेनंच गेला, त्यांचं ड्रेसिंग मीच करायचे. यांच्यावर ती पाळी येऊ द्यायची नाही, असं मी त्याच दिवशी ठरवलं. भाचा सांगत होता, "मावशी, ही नुसती शक्यता आहे. जपायचं दोघांनीही." मी ते एकट्या यांच्यापुरतंच ऐकलं.

लोणावळ्यात राहून गोड बंद करायचं म्हणजे काय, ते इथल्या माणसालाच विचारा. आमच्या शेजाऱ्यांचा चिक्कीचा कारखाना. तुटकी चिक्की डबा भरभरून आमच्याकडे येते, नको म्हटलं तर त्यांना राग येतो. मी यांच्या पुढचा डबा उचलायचे. पानातली श्रीखंडाची वाटी, प्रसादाचा शिरा, सगळं उचलायचे. आता उचललेलं टाकायचं कुठं? अन्न टाकणं माझ्या हातून व्हायचं नाही. मग मीच संपवायचे.

"तुझी बाई मजा आहे," हे म्हणायचे.

"माझा स्कोअर कमी आहे," असं म्हणून मी घास तोंडात टाकायचे. रोज सकाळी यांना मळवलीच्या रस्त्यानं फिरायला पिटाळायचे आणि स्वतः चहा घेत बसायचे.

वर्षभरानं दोघांचं रक्त तपासलं. यांची साखर अगदी व्यवस्थित! मी डॉक्टरबाईंना ऐटीत म्हटलं, "बघा, मेहनत कोणाची?"

"मेहनत दिसतेय," त्या म्हणाल्या. "पण तुमची साखर वाढलीय. गोळ्या सुरू कराव्या लागतील. खाण्यात काय काय असतं तुमच्या?"

"माझं," हे म्हणाले. "ती माझं खाते."

घरी येऊन मी भाच्याला फोनवर झापलं. "मेल्या, माझा धोका कमी म्हणाला होतास ना?"

"कमी म्हणालो मावशी, नाहीच असं कुठं म्हणालो? आणि तू दोघांचं गोड एकटी खाशील, हे थुंकीत कसं दिसणार?"

यांना हसू आवरेना. मीही हसायला गेले आणि एकदम रडूच कोसळलं. सासऱ्यांचा तो पाय डोळ्यांसमोरून हलेना. भीती वाटत होती हो मला, खूप भीती वाटत होती.

त्याच महिन्यात वडिवळ्याला माझ्या भावाच्या मुलीचं लग्न होतं. पंगतीत भाऊ स्वतः जिलबी वाढत आला. नको म्हटलं की तो कारण विचारणार, पंगत ऐकणार, बायका "अगंबाई" करणार. यांचं तसं नव्हतं. यांना डॉक्टरबाईंनी थोडंफार खायची मुभा दिली होती आणि माणूस वर्षभराचा उपाशी.

"घ्या की दाजी, लय गरम हाये!"

यांनी पानावर आडवा हात धरला. "नको रे. मला शुगर निघालीय. तुझ्या बहिणीनंही माझ्यासाठी गोड सोडलंय, तिला आग्रह करू नको."

"आरं द्येवा! कवापासनं?" भाऊ हळहळला. आजूबाजूचे चुकचुकले, सगळे यांच्यासाठी. कोणीतरी यांना कारल्याचा रस सांगितला. हे मन लावून ऐकत होते, मधूनमधून मानही हलवत होते. मी मान वर केलीच नाही. केली असती तर लग्नघरात सगळ्यांसमोर रडले असते.