नोट्स माझ्या, काकू तिची

माझी धाकटी जाऊ दातांच्या दवाखान्यात पेशंटांचे नंबर लावते. दूध उतू घालवण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. हसते तर जिन्यापर्यंत ऐकू येतं, आणि कुठल्याही गोष्टीवर तिचं मत तयार असतं, बहुतेक वेळा चुकीचं. अशा बाईकडे माझी मुलगी कादंबरी शिकायला जाते. घरात मी भाषेची शिक्षिका ढळढळीत बसलेली असताना!

माझ्या नोट्स चार शाळांत फिरतात. कथानक, पात्रं, शेवटी संदेश. मुलं पाठ करतात, पास होतात, पालक रस्त्यात थांबवून आभार मानतात. मुलीपुढेही त्याच ठेवल्या, तर म्हणाली, "आई, यात सगळं आहे गं. पण मग मी काय करू?" आणि पुस्तक उचलून खालच्या मजल्यावर काकूकडे गेली, ती रोजचीच.

माझा जळफळाट झाला, सरळ सांगते. एकदा चाळणी मागायच्या निमित्तानं खाली गेले, तर दोघी जमिनीवर फतकल मारून बसलेल्या. कादंबरीतली विधवा भाडेकरू ठेवून संसार चालवते, मुलगा परदेशी जायचं म्हणतो आणि ती राहतं घर विकून टाकते. का विकते, यावर वाद.

"घाबरलीय ती," जाऊ म्हणत होती. "आमच्याकडे भित्रा माणूस आपला नंबर दुसऱ्याला देऊन मोकळा होतो. हिनं घर देऊन टाकलं."

"काहीतरीच काकू! घाबरलेली बाई इतकी घासाघीस करेल? हे बघ ना."

"अगंबाई, हो की! हरले मी."

हरली, आणि वर खदाखदा हसली. मुलगी तिच्या गळ्यातच पडली. माझ्याशी ती वाद घालत नाही. मान डोलावते आणि खोलीत जाते. गळ्यात पडून तर किती वर्षं झाली. चाळणी न घेताच मी वर आले.

त्या प्रश्नाला माझ्या नोट्समध्ये एका ओळीचं उत्तर आहे: आईचा त्याग. पण त्या ओळीच्या जोरावर मुलगी काही माझ्या टेबलाशी परत येणार नव्हती. म्हणून मी कादंबरी पहिल्या पानापासून वाचायला घेतली, जावेची जिरवायची एवढ्याच इराद्यानं. वाचता वाचता त्या विधवेचाच मला राग येऊ लागला. घराचा सौदा झाल्यावर ती गाढ झोपते, अख्ख्या पुस्तकात पहिल्यांदा! मुलगा नुसतं निमित्त. सगळ्यांचं करून करून बाई कंटाळली होती.

तशीच खाली गेले. "त्यागबिग काही नाही," दारातूनच म्हणाले. "तिला सुटका हवी होती. मुलाचं नाव पुढे केलं, म्हणजे कुणी बोट दाखवणार नाही." आणि झोपेचं ते पान उघडून दिलं.

मुलीनं वाचलं. परत वाचलं. "आई! हे तुझ्या नोट्समध्ये नाहीये."

"नाही. हे मला वाटलं."

जावेनं लगेच सरकून मध्ये जागा केली. "बसा ना ताई. मला बाई हे सुचलंच नसतं."

मी बसले, मुलीला अगदी खेटून. तिचे डोळे चमकत होते. जिंकले होते मी.

तिनं पेन उघडलं, जरा थांबली आणि माझ्या अंगावरून पलीकडे वाकून विचारलं, "काकू, तुला पटतंय? लिहू?"