दादाचं टिपाड

शाळेत पोरांना खिचडी वाढणं चालू होतं, तेव्हा वहिनीचा फोन आला. दादा गेला. गुरुवार होता. येत्या रविवारी आम्ही गोदावरीवर जाणार होतो, आणि तो रविवार ठरवला होता मी.

माझा दादा पिंगळी स्टेशनच्या रस्त्याला मोपेड आणि जुन्या स्कूटरी दुरुस्त करायचा. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या, निळा धूर सोडणाऱ्या त्या टू-स्ट्रोक गाड्या रस्त्यावरून नाहीशा झाल्या, तसं त्याचं दुकानही ओस पडलं. पुढं छातीचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी जड काम बंद करायला सांगितलं आणि दादा दिवसभर दारात खुर्ची टाकून बसायला लागला. कधी कुणाला उलटून न बोलणारा माणूस, पण त्या दिवसांत चहात साखर कमी पडली तरी चिडायचा.

अशात गंगाखेडकडचे हरिभाऊ आले. मासे धरणं हा त्यांचा पिढीजात धंदा, पण उजवा खांदा निकामी झालेला, वल्हं मारणं होईना. भंगारातून त्यांनी नावेला मागं लावायची एक जुनी मोटर मिळवली होती, ती पोत्यात गुंडाळून आणली. नवी घ्यायची ऐपत नव्हती आणि ही चालली नाही तर नाव विकावी लागणार होती. "मिस्त्री, ह्याच्यात जीव हाय का बगा," ते म्हणाले. दादानं दोरी ओढून पाहिली, टाकीचं झाकण काढून वास घेतला. "टू-स्ट्रोक हाय. आपल्याच घरचं हाय," म्हणाला. किती दिवसांनी हसला तो.

मी पोखर्णीला शिकवते, रविवारी दादाकडे जायची. ती मोटर पाहून मी भडकलेच. "ह्या तब्येतीत हे कुठं घेऊन बसलास?"

"सुमे, खुर्चीत बसून काय बरा व्हायलोय का मी?"

जुन्या स्कूटरच्या पिस्टनच्या रिंगा बारीक घासून त्यानं आत बसवल्या, प्लग मोपेडचा लावला, आणि एका दुपारी दुकानातल्या टेबलावर मोटर सुरू झाली. दादा इतका हरखला की बंदच करीना. शेजारच्या पानटपरीवाल्याला बोलावून आवाज ऐकवला. जन्मभर वाऱ्यावर थंड होणारी इंजिनं हाताळलेला माणूस. हे इंजिन नदीचं पाणी ओढून घेऊन थंड होतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. रबर जळाल्याचा वास सुटला तोवर उशीर झाला होता. पाणी ओढणारं आतलं रबरी चाक करपून गेलं, आणि तसलं चाक परभणीत कुठं मिळणार... त्या दिवशी तो जेवला नाही. "बिनपाण्याचं पळवलं गं मी त्याला," एवढंच वहिनीला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं ट्रकच्या चाकामागं लोंबणारं जाड रबर मागून आणलं आणि करपलेल्या चाकाच्या मापानं नवं कापायला बसला. अंगणात वहिनीचं पिण्याच्या पाण्याचं निळं टिपाड होतं, त्यावर फळी टाकून मोटर अडकवली, खालचं टोक पाण्यात. "नळाला आठवड्यानं पाणी यायलंय अन् हे मोटरीला पाजायलेत," वहिनी कुरकुरायची, आणि टिपाड तीच भरून ठेवायची.

दोन चाकं वाया गेली. तिसरं बसवलं तो रविवार होता. मोटर धडधडली आणि तिच्या बाजूच्या भोकातून पाण्याची बारीक धार टिपाडात पडायला लागली. दादानं तळवा खाली धरला. "कोमट लागायलंय. आतून फिरून आलंय पाणी. सुमे, हात धर खाली."

"साडी भिजेल. नदीवरच बघू की."

त्याला सोमवारीच जायचं होतं. मीच म्हणाले, मला शाळा आहे, पुढच्या रविवारी जाऊ. तो लगेच कबूल झाला. त्याचं ते लगेच कबूल होणं मला अजून सलतं.

भंतेजी आले, दादाचं पुण्यानुमोदन झालं. हरिभाऊ येऊन बसून गेले, पण मोटरीला हात लावेनात. "मिस्त्रीबिगर कसं चालू करावं," म्हणायचे. शेवटी वहिनीच म्हणाली, "त्यांनी ती टिपाडात ठिवायला न्हाई केली, भाऊ. न्या." मोटर गेली, तरी टिपाड ती अजून काठोकाठ भरते. वरची फळी काढू देत नाही.

मागच्या रविवारी मी हरिभाऊंच्या नावेत मागं बसले. नाव काठालाच होती. त्यांनी डाव्या हातानं दोरी ओढली, तिसऱ्यांदा ओढल्यावर निळा धूर निघाला, दुकानाचा वास आला आणि धार सुरू झाली. मी वाकून तळवा खाली धरला. पदर भिजला. पाणी कोमट होतं.

"निघायचं का, बाई?" हरिभाऊंनी विचारलं.

"थोडं थांबा," मी म्हणाले. हात काढवत नव्हता.