वाकलेल्या गार्डांची भिंत

क्रॅश गार्ड घ्यायला माणूस दुकानात किती वेळा जाईल? एकदा. फार तर दोनदा. मी सुधाकरदादांच्या दुकानात किती वेळा गेलो ते मलाच आठवत नाही. निम्म्या वेळा तर गाडीला काही झालेलंही नव्हतं. गेलं की कोणीतरी आलेलं असतं, काहीतरी बोलणं निघतं आणि घरी आल्यावर सांगायला एक किस्सा तयार होतो. बायको म्हणते, "लिहून ठेवा एकदाचे. दर वेळी मलाच काऊन ऐकावं लागते?"

म्हणून लिहितो आहे.

मी गुरांचा डॉक्टर. उंद्रीच्या आजूबाजूची गावं माझ्याकडे आहेत. बहुतेक पेशंट शेतात बांधलेले असतात आणि डांबरी रस्ता त्यांच्या बराच अलीकडे संपतो. म्हणून मी उंच, मोठ्या चाकांची अ‍ॅडव्हेंचर बाइक घेतली. गाडी झकास, पण वजनदार. आडवी झाली की सगळा भार इंजिनवर आणि आपल्या पायावर. त्यासाठी इंजिनभोवती लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवतात, तो क्रॅश गार्ड. आणि आमच्याकडे क्रॅश गार्ड म्हटलं की चिखलीचे सुधाकर इंगळे. आधी गेट, ग्रिल आणि ट्रॉल्या बनवायचे. आता मोटारसायकलवाले त्यांना सोडत नाहीत.

*

पहिल्यांदा गेलो तेव्हा गाडी दोन महिन्यांची होती. मोबाइलमध्ये गार्डांचे तीसेक फोटो घेऊन गेलो होतो. काळे, चंदेरी, वरपर्यंत चढलेले, लाइट लावलेले.

दादांनी मोबाइलकडे पाहिलंही नाही. जमिनीवर रिकामी पोती अंथरली आणि म्हणाले, "पाडा गाडी."

"काय?"

"हळूच आडवी करा. धरतो मी."

"काऊन पण?"

"कुठं टेकते ते पाहाले."

नवी गाडी स्वतःच्या हातानं आडवी करायची म्हणजे काय ते ज्यानं केलं त्यालाच कळेल. आम्ही दोघांनी ती उजवीकडे आडवी केली, मग डावीकडे. दादा पोटावर झोपून खालून पाहत होते. हँडलचं टोक, पायाचं फूटरेस्ट आणि इंजिनचं कव्हर, या तीन जागा त्यांनी खडूनं खुणावल्या.

"गार्ड इथं पाह्यजे. बाकीचे पाइप फोटोसाठी असतात."

मी मान डोलावली. ते बाजूला झाले. "आता उचला."

मी हँडल धरून ओढलं. गाडी हलली नाही. पुन्हा ओढलं. कमरेत कळ आली. मग त्यांनी शिकवलं. गाडीकडे पाठ करायची, सीटला टेकायचं, एक हात हँडलला, एक मागं, आणि पायांनी रेटत मागं चालत जायचं. चौथ्या वेळी जमलं.

"हे आधी शिका, डॉक्टर," ते म्हणाले. "गार्ड गाडी वाचवते. उचलत नाई."

*

खरात सर बीबीच्या शाळेत भूगोल शिकवतात. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी मोठी गाडी घेतली, आणि घरच्यांनी एकच अट घातली, की मजबूत गार्ड लावायचं. सरांनी ती अट मनावर घेतली. इंटरनेटवरून सगळ्यात जाड, सगळ्यात जड गार्ड मागवलं. दादांना दाखवायला आणलं तेव्हा दोन हातांनी उचलावं लागत होतं.

दादांनी ते गाडीवर कुठं बसतं तेवढं पाहिलं. "सर, हे इंजिनच्या बोल्टावर लटकते. चेसीवर, गाडीच्या सांगाड्यावर धरलेलं पाह्यजे. अन् पाइप लई जाड आहे."

"जाड चांगलाच की."

"गाडी पडन तं पाइप वाकला पाह्यजे. तो नाई वाकला तं दुसरं काही वाकन."

सरांना पटलं नाही. जाड ते मजबूत, यात चूक काय, असं त्यांचं म्हणणं. महिन्याभरानं लोणारकडून येताना खडीवर गाडी घसरली. वेग काहीच नव्हता. सरांना खरचटलंसुद्धा नाही. गार्डचा रंगही उडाला नव्हता. फक्त इंजिन ज्या ठिकाणी बोल्टनं धरलेलं असतं, ती जागा तडकली होती आणि तेल गळत होतं.

टेम्पोत घालून गाडी दादांच्या दुकानात आणली. दादांनी सगळं सोडवलं, गार्ड फडक्यानं पुसलं आणि सरांच्या हातात दिलं.

"घ्या सर. गाडीनं गार्ड वाचवलं."

सर हे स्वतः वर्गात सांगतात. भूकंपात कोणती घरं टिकतात हा धडा आला की.

*

आमच्यात सगळ्यात चांगली गाडी कोण चालवतं असं कोणी विचारलं तर मी आणि सर एकाच वेळी वैशालीताईंचं नाव घेऊ. त्या आरोग्य सेविका आहेत. लसींचा डबा मागं बांधून वाड्या-वस्त्यांवर जातात. उंची बेताची. सीटवर बसल्यावर एका वेळी एकच पाय जमिनीला पुरतो, आणि त्या एका पायावर त्या गाडी अशी सांभाळतात की पाहत राहावं.

त्या पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा तिथं ट्रॉलीच्या कामाला आलेले एक गृहस्थ बसले होते. त्यांनी गाडी पाहिली, ताईंना पाहिलं आणि दादांना विचारलं, "साहेब मागून येऊन राह्यले का?"

दादा टेप उलगडत म्हणाले, "मोजमाप ज्यांच्या पायाचं घ्याचं त्या आल्या आहेत. साहेबाचं काय काम?"

त्यांनी ताईंना गाडीवर बसवून नडगी आणि पाइप यांच्यामध्ये किती जागा राहते ते मोजलं. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिलं. चार दिवसांनी गार्ड तयार झालं, रंग दिला, बसवलं. दादांना स्वतःलाच ते फार आवडलं होतं. दोन पावलं मागं जाऊन पाहत होते.

ताई उकिडव्या बसल्या आणि खालून पाहायला लागल्या. मग विचारलं, "दादा, ऑइल बदलायच्या वेळी हा बोल्ट कसा उघडायचा? पाना जाईल का इथं?"

दादांनी पाना लावून पाहिला. गेला नाही.

"म्हणजे दर वेळी अख्खं गार्ड काढायचं?"

दुकानात मी, सर आणि ते ट्रॉलीवाले होतो. इतकी वर्षं आम्ही त्यांच्या हातची गार्डं वापरत होतो आणि दर ऑइल चेंजला अख्खं गार्ड सोडवत होतो. ते तसंच असतं अशी आमची समजूत होती.

दादांनी ते रंगवलेलं गार्ड काढलं, ग्राइंडर घेतला आणि आमच्यासमोर आडवा पाइप कापला. पुन्हा मोजला, पुन्हा जोडला. यात अर्धा दिवस गेला. ताई म्हणत होत्या, राहू द्या, मी करीन काहीतरी. ते ऐकेनात.

आता कोणी नवं गिऱ्हाईक आलं की दादा आधी ऑइलच्या बोल्टावर पाना अडकवून ठेवतात आणि मग पाइप वाकवायला घेतात. कोणी विचारलं तर सांगतात, "हे मले लसीवाल्या ताईनं शिकवलं."

*

खामगावचे एक व्यापारी. सरकीचा धंदा. इतकी मोठी गाडी आमच्यापैकी कोणाकडेच नव्हती. ती बाहेर उभी राहिली तेव्हा समोरच्या हॉटेलातले लोक चहा सोडून बाहेर आले.

"दादा, पुढून, मागून, सगळीकडून गार्ड पाहिजे. पैशाकडं पाहू नका."

दादांनी विचारलं, "जाता कुठं कुठं?"

"रविवारी सकाळी जलंबपर्यंत जातो. चहा घेतो, परत येतो."

"पडले कधी?"

"नाई अजून."

दादांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. डोक्यावर पांढरी टोपी होती, उन्हाची. गाडीच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. हेल्मेट कुठंच नव्हतं.

"शेठ, गाडीले दोन पाइप पुरतात. ते मी देतो. पण आधी वरचं गार्ड घेऊन या."

"वरचं म्हणजे?"

दादांनी स्वतःच्या डोक्यावर बोट ठेवलं.

एवढा मोठा माणूस रागावून जाईल असं मला वाटलं. गेलाही. पण दुसऱ्या दिवशी दोन हेल्मेट घेऊन आला, एक स्वतःचं आणि एक बायकोचं, आणि दादांना विचारायला लागला की ही बरोबर बसतात का.

*

माझ्या स्वतःच्या पडण्याची गोष्ट सांगायलाच पाहिजे, कारण त्या दिवशी मला गार्ड म्हणजे काय ते कळलं.

फोन आला. "डॉक्टर, गायीच्या वासराचे पाय दिसून राह्यले, पण पुढं सरकून नाई राह्यलं." असा फोन आला की घड्याळ पाहायचं नसतं, निघायचं असतं. दोन दिवस पाऊस होऊन गेलेला. काळी माती. चाकाला अशी लिंपली की चाक फिरायचंच थांबलं, आणि मी अंगावर गाडी घेऊन उजवीकडे पडलो.

डोळे उघडले तेव्हा पहिला विचार आला की पाय गेला. मग लक्षात आलं की पाय हलतो आहे. गाडी गार्डवर तोललेली होती आणि इंजिन व जमीन यांच्यामध्ये माझा पाय मावेल एवढी फट होती. बरोबर तेवढीच. बूट चिखलात राहिला, पाय बाहेर आला.

आजूबाजूला कोणी नव्हतं. मी गाडीकडे पाठ केली, सीटला टेकलो आणि रेटली. घसरली. पुन्हा रेटली. उभी राहिली. चाकातली माती काडीनं काढली आणि एका बुटावर तिथं पोचलो.

गोठ्यातल्या काकूंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "डॉक्टर, आधी तुमाले धुवू का हात धुवाले पाणी देऊ?"

अर्ध्या तासानं कालवड झाली. जिवंत. नाकातोंडातला चिकटा काढल्यावर ती शिंकली, आणि मी तिथंच कडब्यावर बसून राहिलो.

गार्ड दोन बोटं आत वाकलं होतं. दादांकडे नेलं आणि म्हटलं, जरा ठोकून सरळ करून द्या.

"सरळ होईन," ते म्हणाले, "पण त्याच्यात मग दम राहत नाई. वाकलेला पाइप पुढच्या वेळी तुमचा पाय नाई वाचवणार. हे इथं ठेवा, नवं करतो."

ते वाकलेलं गार्ड त्यांनी भिंतीवर खिळ्याला अडकवलं. तिथं आधीच सात-आठ होती. प्रत्येकाचा माणूस आजही चालता-फिरता आहे. नवं गिऱ्हाईक आलं की दादा त्याला शोकेसमधला चकचकीत नग दाखवत नाहीत. त्या भिंतीसमोर उभं करतात.

*

मागच्या वर्षी खरात सरांनी हिमाचलात जायचं ठरवलं. स्पितीपर्यंत, एकट्यानं. रजा मंजूर झाली, घरचे कसेबसे तयार झाले. नवं गार्ड हवं होतं, आणि नेमकं त्याच आठवड्यात सुधाकरदादांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की महिनाभर वेल्डिंगच्या उजेडाकडे फिरकायचं नाही.

सर हिरमुसले. दादा डोळ्यावर हिरवी पट्टी लावून दुकानाबाहेर खुर्चीत बसले होते. म्हणाले, "मोजमाप करून घेतो बोटानं. चार दिवसांनी या."

"दादा, डोळ्यापेक्षा गार्ड मोठं नाही," सर म्हणाले.

"या तं खरं."

चार दिवसांनी गेलो तर गार्ड तयार. सांधे इतके सफाईदार की बोट फिरवलं तर कुठं अडकेना. मी चिडलो. गुरांचा का होईना, डॉक्टर आहे. "दादा, तुम्हाला वेल्डिंग करू नका म्हणून सांगितलं होतं ना?"

"म्या कुठं काय केलं?"

सरळ सरळ खोटं बोलत आहेत असं आम्हा दोघांना वाटलं. वाद घालून उपयोग नव्हता. सर गेले.

तीन आठवड्यांनी परत आले. काळेठिक्कर पडलेले, वाळलेले आणि खूश. एका ओढ्यात दगडावरून चाक सरकून गाडी जोरात आपटली होती. पाइप चेपला, पण एकही सांधा उकलला नाही. इंजिन जसंच्या तसं. त्याच गाडीवर उरलेले सगळे डोंगर उतरून सर घरी आले होते.

घरून शाल आणि नारळ घेऊन ते थेट चिखलीला आले. मला आणि वैशालीताईंना फोन करून बोलावलं. दुकानातल्या दुकानात छोटं भाषणही केलं, मास्तरच ते. "या हातांनी मला परत आणलं," असं म्हणून त्यांनी दादांच्या खांद्यावर शाल घातली.

दादांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग शाल काढली, नीट घडी घातली, नारळ वर ठेवला आणि दुकानामागच्या घराच्या दारात जाऊन हाक मारली, "सुनंदा, बाहेर ये वं."

दादांच्या बायको बाहेर आल्या. हाताला कणीक लागलेली होती. दादांनी घडी उलगडून शाल त्यांच्या खांद्यावर ठेवली आणि बाजूला उभे राहिले. सरांनी हात जोडले.

सुनंदावहिनींचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. त्या बाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे पाहत होत्या. कणकेचे हात पदराला पुसत त्या गाडीपाशी गेल्या, वाकल्या आणि डाव्या बाजूच्या सांध्यावरून अंगठा फिरवला.

"हा जोड मले तवाच आवडला नव्हता," त्या म्हणाल्या. "सर, गाडी आत घ्या."