मस्कतची कुकिंग रेंज

माझा भाऊ नोकरी संपवून मस्कतहून धुळ्याला कायमचा परत आला, तेव्हा त्याच्या सामानात एक कुकिंग रेंज होती. वर चार गोल प्लेटी, खाली काचेच्या दाराचा ओव्हन, सगळं विजेवर चालणारं. धुळ्याच्या घरातल्या स्वयंपाकघरात ओटा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पक्का बांधलेला. रेंज काही बसेना. काही दिवस ती दिवाणखान्यात टीव्हीशेजारी उभी होती. मग भावाचा फोन आला.

"तुला ओव्हन पाहिजे होता ना? घेऊन जा."

"वहिनी काय म्हणते?" मी विचारलं.

भाऊ एरवी माझ्याशी साधं मराठी बोलतो. काही झटकून टाकायचं असलं की अहिराणीवर येतो. म्हणाला, "तिले काय करनं शे आते त्यानं? लई जाय तू." म्हणजे तिला आता काय करायचंय त्याचं, घेऊन जा तू.

मला ओव्हन हवाच होता. कुकरमध्ये वाळू घालून केक भाजायचा आता कंटाळा आला होता. मी जास्त विचारलं नाही. टेम्पो ठरवला आणि रेंज जळगावला आली. तिला साधा प्लग चालणार नव्हता, म्हणून मीटरपासून वेगळी जाड वायर ओढावी लागली. त्या वायरीसाठी भिंत फोडली, फोडलेली भिंत लिंपली, लिंपलेल्या जागेचा रंग उरलेल्या भिंतीशी जुळला नाही. तरी मी हौसेने सगळं पुसून, एका पातेल्यात पाणी ठेवून पुढची प्लेट लावली. पाणी उकळलं. मागची लावली. हात ठेवून पाहिला, गार. दुसरीही मागची गारच. ओव्हनचं बटण फिरवलं तर आत दिवा लागला, पंखाही घुमायला लागला. नानखटाईचं ताट आत ठेवून मी दारापाशी बसून राहिले. बऱ्याच वेळाने दार उघडलं, तेव्हा नानखटाया ठेवल्या तशाच पांढऱ्याफटक, वर पंख्याच्या वाऱ्याने जरा कोरड्या पडलेल्या.

वायर जोडणाऱ्या इलेक्ट्रिशियनला परत बोलावलं. त्याने बटणं फिरवली, कान लावला आणि सांगितलं, "कॉईल गेली, ताई."

"कुठली?"

"मागच्या दोन. आणि ओव्हनची."

"तिन्ही एकदम?"

"जातात कधी कधी," तो म्हणाला. "कंपनीचीच कॉईल टाकावी लागेल. मॉडेल नंबर सांगा, मी पाहतो कुठे मिळते का."

मॉडेल नंबर! तिथून माझ्या हालांना सुरुवात झाली. पुढे कंपनीचं नाव ठळक होतं. मी हेल्पलाइनला फोन लावून ते सांगितलं. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती.

"मॅडम, ते नाव आमच्या सगळ्याच वस्तूंवर असतं. मॉडेल नंबर सांगाल का?"

"तो कुठे असतो?"

"मागच्या बाजूला स्टिकर असेल, मॅडम."

मी आणि नवऱ्याने रेंज भिंतीपासून ओढली. फरशीवर एक लांब ओरखडा उमटला, तो आजही आहे. मागे स्टिकर नव्हता. स्टिकर होता त्या जागेचा चौकोन होता, आणि सुकलेला डिंक. परत फोन. या वेळी मुलगा.

"दाराच्या कडेला पाहा, मॅडम."

दाराच्या कडेला काही नाही. परत फोन. तिसऱ्या माणसाला सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो म्हणाला, "खाली ड्रॉवर आहे का?" होता. ओव्हनखाली तवे ठेवायचा एक कप्पा होता, तो मी नुसता पुसला होता. तो पूर्ण बाहेर काढला, फरशीवर पालथी पडले, मोबाइलचा टॉर्च आत धरला, तर मागच्या पत्र्यावर एक चंदेरी पट्टी दिसली. त्यावर नंबर होता! मला इतका आनंद झाला की उठताना डोकं दाराला आपटलं.

पण त्यातलं एक अक्षर अर्धं पुसलेलं. ते बी होतं की आठ, यावर आमच्या घरात संध्याकाळभर वाद झाला. नवरा म्हणे आठ. मी म्हणे बी. फोटो काढून मोठा केला तर ते अक्षर आणखीच धूसर झालं. शेवटी मी हेल्पलाइनला दोन्ही सांगितले. पलीकडे टक टक वाजलं, मग उत्तर आलं.

"मॅडम, बी बरोबर आहे. पण हे मॉडेल भारतात विकलं जात नाही. याचे पार्ट आमच्याकडे नाहीत."

"मग मी काय करू?"

"आणखी काही मदत करू शकतो का, मॅडम?"

मी फोन ठेवला नाही, आपटला. नवरा हसला. त्याच्यावरही ओरडले.

या सगळ्या दिवसांत मी वहिनीला फोन केला नव्हता असं नाही. केला होता. तिने वर्षानुवर्षं त्याच रेंजवर स्वयंपाक केलेला, तिला काही माहीत असणार. पण ती एकच वाक्य बोलायची, "तिथे तर चांगली चालत होती." पुढे काही नाही. मला तो टोमणा वाटायचा. जणू मीच हात लावून बिघडवली. भावाला विचारावं तर तो म्हणायचा, "मी कधी चहाही केला नाही त्यावर, मला काय विचारतेस?"

शेवटी एका सकाळी मी एसटीत बसले आणि सरळ धुळ्याला गेले. मनात ठरवलं होतं की भावाला चार शब्द सुनवायचे. तो घरी नव्हता. वहिनी स्वयंपाकघरात गॅसवर वांगी भाजत होती, आपल्याकडची मोठी, पोपटी, भरताची वांगी. एका बर्नरवर एकच मावत होतं. वांग्याचं पाणी सांडून ज्योत फडफडत होती आणि ती चिमट्याने ते पुन्हा पुन्हा फिरवत होती.

"असं एकेक भाजतेस?" मी म्हटलं.

"मग कसं भाजू?" ती वळलीसुद्धा नाही. "तिथे मी एका वेळी आठ-दहा भाजायचे. थंडीच्या दिवसांत सुट्टीच्या शुक्रवारी खानदेशातली सगळी घरं आमच्याकडे यायची. तिथे कापसाच्या पऱ्हाट्या कुठून आणणार, आणि जाळ कुठे करणार? मी ओव्हनमध्ये वांगी लावायचे. बायका कळणाच्या भाकरी करून आणायच्या. बोदवडची एक होती, चोपड्याच्या दोघी होत्या. सगळ्या ओव्हनसमोर फरशीवर बसायच्या."

ती बोलत राहिली.

"तुझ्या भावाने मला विचारलं नाही. मी माहेरी गेले होते शिंदखेड्याला. परत आले तर टीव्हीशेजारची जागा मोकळी. म्हणे, बहिणीला दिली, तुला काय करायची होती."

मी इतके दिवस तिला आखडू समजत होते. फोनवर तिच्याचकडून तिच्याच वस्तूची दुरुस्ती मागत होते!

"मला तो म्हणाला, तुला नकोय म्हणून," मी सांगितलं.

तिने गॅस बंद केला. वांगं ताटलीत ठेवलं. मग कोरड्या आवाजात विचारलं, "मागच्या दोन लागत नाहीत आणि ओव्हनचा नुसता दिवा लागतो, असंच ना?"

"असंच."

"तिथे आम्ही घर बदललं तेव्हाही असंच झालं होतं. पाठीमागे खाली वायर जोडायची एक डबी आहे. तिच्यात पितळेच्या छोट्या पट्ट्या असतात, एका स्क्रूपासून दुसऱ्यापर्यंत. त्या काढल्या की वीज पुढच्या दोन प्लेटींनाच मिळते. बाकीचं बंद. तुमच्या वायरमनने काढल्या असतील."

"हे तू फोनवर का नाही सांगितलंस?"

"मी का सांगू?" ती म्हणाली.

मी तिथूनच नवऱ्याला फोन केला. त्याने इलेक्ट्रिशियनला विचारलं. हो, काढल्या होत्या. वायर लावताना त्या मध्ये आल्या, शॉर्ट होईल असं त्याला वाटलं. पट्ट्या नवऱ्याने जपून ठेवल्या होत्या, पडद्याच्या हुकांच्या डब्यात, आणि कसल्या आहेत हे विचारायचं त्याला सुचलं नव्हतं. मी जळगावला परतले. मेन बंद करून इलेक्ट्रिशियनने डबी उघडली. झाकणाच्या आतल्या बाजूला पट्ट्या कुठे लावायच्या त्याचं चित्रच छापलेलं होतं. ते आम्ही कुणीच पाहिलं नव्हतं. त्याने पट्ट्या बसवल्या, मेन चालू केलं, आणि चारही प्लेटी तापल्या. ओव्हन तर असा तापला की नानखटाया खालून करपल्या.

त्या करपलेल्या नानखटाया खाता खाता मी नवऱ्याला म्हटलं, "ही परत धुळ्याला पाठवायची."

"आत्ताच तर चालू झाली," तो म्हणाला.

"म्हणूनच."

भावाने फोनवर आरडाओरडा केला. ठेवायची कुठे, ओटा फोडायचा का, घरात लोड किती, तुम्हा बायकांचं काय चाललंय. मी सांगितलं, ते तुझं तू बघ, आणि या वेळी टेम्पो तू ठरव. त्याने ठरवला. कुरकुर करत ठरवला, पण ठरवला.

आता रेंज धुळ्याच्या घरी मागच्या व्हरांड्यात आहे. पावसाची झड येऊ नये म्हणून वर पत्रा टाकलाय. वहिनी तिथे उभ्याने स्वयंपाक करते आणि दर सणाला शेजारणींना बोलावते. मी गेले की मला आधी वाढते. पूर्वी तसं नव्हतं. भावाने अजून कबूल केलेलं नाही की त्याचं काही चुकलं. त्याच्या मते, आम्ही दोघींनी मिळून एका शेगडीपायी त्याला उगीच छळलं. मला मात्र त्याचा राग अजून गेलेला नाही. माझ्या स्वयंपाकघरात भिंतीतून एक जाड वायर बाहेर आली आहे, टोकाला काळी टेप गुंडाळलेली, आणि येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, हे काय आहे.