चहाच्या ग्लासाखालचं परिपत्रक

सुक्या बोंबलाचा वास आला की मला माझा मूर्खपणा आठवतो: एक सरकारी परिपत्रक मी न वाचताच चहाच्या ग्लासाखाली अंथरलं होतं. पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात मृत्यूच्या दाखल्यांच्या खिडकीवर मी तेव्हा बसायचे. निवृत्ती जवळ आलेली आणि तोरा असा की आयुक्तच जणू माझ्या हाताखाली. वरळी कोळीवाड्यातली एक मावशी विधवा पेन्शनसाठी आली. राज्याच्या कचेरीनं तिला सांगितलं होतं, नवऱ्याच्या मृत्यूची नोंद पालिकेकडून ऑनलाइन यायला हवी. मी चष्म्यावरून बघत म्हटलं, "मावशी, ते राज्याचं, हे पालिकेचं. त्यांचं पत्र आणा, मग बघू." ती गेली, आली, पुन्हा गेली. अंगाला सुक्या मासळीचा वास, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेले. दर खेपेला मी नव्यानं विचारायचे, "कोण वारलं?" तिसऱ्यांदा मात्र शेजारच्या टेबलावरची मैत्रीण ओरडली, "अगं महाराणी, दोन्हीकडचे कॉम्प्युटर कधीच जोडलेत! एक बटण दाबायचंय तुला." ग्लास उचलून पाहिलं, तर परिपत्रकात खरंच तसं लिहिलेलं. मी बटण दाबलं आणि चहा निवायच्या आत नोंद तिकडे पोचली. "मावशी, फुकट हेलपाटे पडले हो तुम्हाला," मी खाली बघूनच म्हटलं. नातवंडांना ही गोष्ट मी नकला करून सांगते, ती पोट धरून हसतात. मावशीचं उत्तर तेवढं मी गाळते. ती म्हणाली होती, "बाय, हेलपाट्यांचं काय नाय. पण माझा नवरा मेला, हे तू मला तीनदा बोलायला लावलंस."