टॉवेलचा आधार

आखातात, रोल्ला भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये वसईचे एक अंकल शेजारी राहायचे. ऑफिसातल्या, मायदेशी परतलेल्या साहेबाचा, मागच्या पायांचे सांधे धरलेला कुत्रा त्यांनी घरी आणला होता. रोज ऑफिसआधी त्याच्या पोटाखाली टॉवेल घालून ते त्याला कॉरिडॉरमध्ये चालवायचे. "यल्ला, चल, अजून एक पाऊल." तो बसला तरी उचलत नसत, नुसते थांबत. मला ते निष्ठुर वाटायचं.

एकदा तो कोसळलाच. मी म्हटलं, "अंकल, उचला ना त्याला."

ते इस्त्रीच्या कपड्यांत त्याच्याशेजारी फरशीवर आडवे झाले. "घाई नाही, हबीबी," त्याला म्हणाले. खाली ऑफिसची गाडी हॉर्न वाजवून निघून गेली. बऱ्याच वेळाने कुत्रा आपणहून उठला आणि टॉवेलशिवाय चार पावलं चालला.

"पाहिलंस ना?" अंकलनी पडल्यापडल्याच विचारलं. मग टॉवेलनेच डोळे पुसले.